हरणारा संघ धरलाय? मग हे आधी वाचा

कोकणात बास्केटबॉल म्हणजे शाळेच्या मैदानावरचे दोन खांब, त्यातल्या एकाची रिंग वाकलेली. कबड्डी आणि टेनिस बॉलच्या क्रिकेटने जागा व्यापल्यावर तिसऱ्या खेळाला उरतंच किती? तरीही हल्ली वेंगुर्ल्यापासून चिपळूणपर्यंत मोबाइलवर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची लीग, बघणारी पोरं भेटतात. बरीचशी जिंकणारा संघ धरतात आणि सुखी असतात. त्यांना मार्गदर्शकाची गरज नाही. हा लेख उरलेल्यांसाठी आहे: एखाद्या खेळाडूपायी, जर्सीच्या रंगापायी किंवा नुसत्या हट्टापायी ज्यांनी हंगामात साठ सामने हरणारा संघ धरला आणि आता रोज सकाळी स्कोअर बघून ज्यांचं तोंड कडू होतं.

‘धीर धरा, सगळं ठीक होईल’ असं मी सांगणार नाही. कितीतरी संघ वर्षानुवर्षं हरले आणि हरतच राहिले. आपला संघ नेमकी कशाची वाट बघतोय हे कागदावर दाखवता आलं तर त्या धीराला अर्थ आहे, नाहीतर तो वेळकाढूपणा. तो कागद कसा वाचायचा, एवढंच इथे सांगतो.

पायरी पहिली: पंचांग जुळवून घ्या

एनबीएत ३० संघ आहेत आणि प्रत्येकाचे साखळीत ८२ सामने. हंगाम ऑक्टोबरच्या शेवटाकडे, दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. थंडीत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातचा सामना आपल्याकडे सकाळी सहाला लागतो आणि पश्चिम किनाऱ्यावरचा साडेसातचा सामना नऊला. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारनंतर त्यांची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा तोच सामना आपल्याला पहाटे पाचला गाठावा लागतो.

जिंकणाऱ्या संघाचा चाहता एप्रिल ते जून या प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या, दिवसांत जगतो. आपल्या तारखा वेगळ्या. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ट्रेडची, म्हणजे संघांमधल्या खेळाडूंच्या देवघेवीची, मुदत संपते. शिमग्याच्या सुमारास तळाचे संघ आपले जुनेजाणते खेळाडू एकेक करून बाहेर बसवू लागतात. आंब्याच्या ऐन दिवसांत, मे महिन्यात, ड्राफ्टचा क्रम ठरवणारी लॉटरी निघते. जूनच्या शेवटी आर्द्रा नक्षत्रात ड्राफ्ट, म्हणजे नव्या खेळाडूंची निवड, होतो, आणि जुलैच्या धो धो पावसात फ्री एजन्सी (करार संपून मोकळे झालेले खेळाडू नवा संघ धरतात ते दिवस) आणि लास वेगासची समर लीग (नव्या पोरांचे उन्हाळी सामने). गणपतीत लीग झोपलेली असते, त्यामुळे घरच्यांशी त्यावरून भांडण होत नाही.

ड्राफ्ट आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमारास सुरू होतो. त्या दिवसांत वाडीत वीज असेलच असं नाही. थेट प्रक्षेपणाच्या मागे लागू नका. ड्राफ्टच्या रात्री जे कळायला हवं ते कोणाला कोणी घेतलं या यादीत असतं, आणि ती यादी एका रेंजच्या काडीवरही उघडते.

पायरी दुसरी: हरण्याला बक्षीस का आहे ते समजून घ्या

“काका, ह्ये मुद्दाम हरतत काय?” पुतण्याने मला विचारलं होतं. “खेळणारे नाय रे,” मी म्हटलं, “खेळवणारे.”

आयपीएलच्या लिलावात ज्याच्या थैलीत पैसे तो बोली लावतो. एनबीएत नवे खेळाडू लिलावाने येत नाहीत. दरवर्षी दोन फेऱ्यांचा ड्राफ्ट होतो, त्यात मिळून साठच्या आसपास खेळाडू निवडले जातात, आणि आधी निवडायची संधी साधारणपणे जास्त हरलेल्या संघाला मिळते. या निवडीच्या हक्काला सगळे पिक म्हणतात. अमेरिकेतल्या मोठ्या शहराकडे समुद्र, झगमगाट आणि जाहिराती असतात, त्यामुळे मोकळे झालेले तारे तिकडे जातात. ओक्लाहोमा सिटीसारख्या ठिकाणी ते आपणहून फारसे येत नाहीत. अशा संघांना मोठा खेळाडू मिळायचा एक खात्रीचा रस्ता म्हणजे ड्राफ्ट. म्हणून व्यवस्थापन मुद्दाम कच्चा संघ उतरवतं. याला टँकिंग म्हणतात. मैदानावरचा पोरगा मात्र जीव तोडूनच खेळत असतो, त्याला पुढचा करार मिळवायचा असतो.

लीगला हे आवडत नाही, म्हणून १९८५ पासून लॉटरी आहे. प्लेऑफ न गाठलेले १४ संघ तिच्यात असतात. यंत्रात १४ चेंडू फिरतात, चार बाहेर येतात, त्यांच्या १००१ जोडण्या होतात, एक बाद करून बाकीच्या हजार संघांत वाटलेल्या असतात. पूर्वी शेवटच्या संघाला पहिल्या क्रमांकाची २५ टक्के संधी असे. २०१९ पासूनच्या रचनेत तळाच्या तिन्ही संघांना सारखीच, १४ टक्के, संधी मिळू लागली. सोडतीने पहिले चार क्रमांक ठरतात, बाकीचे पराभवांच्या हिशेबाने. त्यामुळे सर्वांत तळाचा संघ पाचव्याच्या खाली घसरत नाही, पण पाचवाच मिळण्याची शक्यता ४८ टक्क्यांच्या जवळ असते. हे नियम लीग अधूनमधून बदलते, तेव्हा हंगामाच्या सुरुवातीला एकदा चालू नियम बघून घ्या.

लॉटरीला नवस बोलू नका, एवढं या आकड्यांतून घ्यायचं. २०११-१२ च्या कापलेल्या हंगामात शार्लटने ६६ पैकी फक्त ७ सामने जिंकले. टक्केवारीत इतका वाईट हंगाम तोवर कोणाचाच नव्हता. सोडतीत पहिला क्रमांक गेला न्यू ऑर्लिन्सला, आणि त्यांनी अँथनी डेव्हिसला घेतलं. २०२५ मध्ये युटा १७-६५ (१७ विजय, ६५ पराभव) अशा कामगिरीने तळाला होता, त्याला पाचवा क्रमांक मिळाला. अवघी १.८ टक्के संधी असलेल्या डॅलसला पहिला क्रमांक लागला आणि कूपर फ्लॅग त्यांच्याकडे गेला. त्याच डॅलसने तीन महिन्यांपूर्वी लुका डॉनचिचला लॉस एंजेलिसला देऊन आपल्या चाहत्यांना रडवलं होतं.

आणि पहिला क्रमांक लागला म्हणून खेळाडू लागतोच असंही नाही. २०१३ मध्ये पहिला निवडलेला अँथनी बेनेट चार हंगामांत लीगबाहेर गेला. त्याच ड्राफ्टमध्ये पंधराव्या क्रमांकावर यानिस आंटेटोकुम्पो होता, ज्याने मिलवॉकीला २०२१ चं विजेतेपद मिळवून दिलं. पुढे डेन्व्हरला विजेतेपदापर्यंत नेणारा निकोला योकिच २०१४ मध्ये ४१ वा निवडला गेला, तेव्हा टीव्हीवर खाण्याची जाहिरात चालू होती.

पायरी तिसरी: पिक कोणाच्या नावावर आहेत ते बघा

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, आणि नवखे नेमकी हीच गाळतात.

एनबीएत येत्या सात वर्षांपर्यंतचे पिक दुसऱ्या संघाला देता येतात. म्हणजे तुमचा संघ यंदा साठ सामने हरला आणि त्याचा पिक तीन वर्षांपूर्वीच कोणाला देऊन टाकलेला असला, तर ते साठ पराभव शेजाऱ्याच्या कामी आले. लागोपाठच्या दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे पिक देऊन स्वतःला रिकामं करता येत नाही, असा एक नियम आहे. क्लीव्हलँडचे एक मालक टेड स्टेपियन यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला इतके पिक उधळले की लीगला हा नियम करावा लागला, आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. मात्र अदलाबदलीच्या हक्काची, म्हणजे आपला खालचा पिक देऊन समोरच्याचा वरचा घेण्याच्या हक्काची, पळवाट त्यातही उरली आहे.

आपल्याकडे कराराने दिलेल्या हापूसच्या बागेचं काय होतं ते तुम्ही बघितलं असेल. करार चार वर्षांचा, म्हणून घेणारा कल्टार हे मोहर आणणारं औषध सढळ हाताने घालतो. वर्षाआड धरणारं झाड दरवर्षी मोहरतं, त्या मानाने खतपाणी मात्र होत नाही, आणि करार संपला की मालकाच्या हाती थकलेली कलमं येतात. ब्रुकलिन नेट्सने २०१३ मध्ये हे स्वतःच्याच बागेत केलं. बॉस्टनकडून केव्हिन गार्नेट आणि पॉल पिअर्स हे उतारवयातले तारे घेतले आणि बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८ चे पहिल्या फेरीचे पिक, वर २०१७ मध्ये अदलाबदलीचा हक्क दिला, तोही कसलीही अट न घालता. पहिल्या हंगामात ४४ विजय आणि प्लेऑफची एक फेरी पदरात पडली. पिअर्स वर्षभरात गेला, गार्नेट त्याच्या पाठोपाठ.

पुढचा भाग वाचताना ब्रुकलिनच्या चाहत्यांची कीव येते. २०१५-१६ मध्ये ते २१ सामने जिंकले आणि त्यांच्या पिकवर बॉस्टनने जेलन ब्राउनला घेतलं. २०१६-१७ मध्ये ते लीगमध्ये सर्वांत तळाला होते, लॉटरीत पहिला क्रमांकही लागला, पण अदलाबदलीच्या हक्काने तो बॉस्टनला गेला. बॉस्टनने तो फिलाडेल्फियाला देऊन तिसरा क्रमांक आणि वर आणखी एक पिक घेतला, आणि तिसऱ्यावर जेसन टेटमला निवडलं. ब्राउन आणि टेटम यांच्या बॉस्टनने २०२४ मध्ये विजेतेपद मिळवलं. त्या सौद्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

तेव्हा एक कागद घ्या. येत्या सात वर्षांचे रकाने पाडा. प्रत्येक वर्षाखाली आपल्या संघाचे स्वतःचे पिक आहेत की गेलेत, आणि दुसऱ्यांचे कोणते आलेत ते लिहा. ही माहिती कुठेही सहज सापडते. शेजारी अटी लिहायला विसरू नका, कारण पिक ‘संरक्षित’ असू शकतो. २०२५ चा फिलाडेल्फियाचा पिक ओक्लाहोमाला द्यायचा होता, पण पहिल्या सहांत आला तर फिलाडेल्फियाने तो ठेवायचा, अशी अट होती. फिलाडेल्फिया २४-५८ वर संपला, लॉटरीत तिसरा क्रमांक लागला, पिक वाचला आणि देणं पुढच्या वर्षावर गेलं. तो हंगाम संपत आला तेव्हा त्यांचा चाहता कोणत्या निकालावर खूश होत होता हे ही अट माहीत नसेल तर कळणारच नाही.

कागदावर आपल्या संघाचे पुढचे चार वर्षांचे पिक नसतील आणि तरी तो हरत असेल, तर ती पुनर्बांधणी नाही. तो नुसता वाईट संघ आहे.

पायरी चौथी: वय आणि पगार एका ओळीत मांडा

संघाचे पंधरा खेळाडू लिहा (टू-वे करारावरची, म्हणजे मुख्य संघ आणि दुय्यम लीग दोन्हीकडे खेळणारी, तीन पोरं सध्या सोडा). नावापुढे वय आणि करार कधी संपतो ते वर्ष. बस्स.

पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि रक्कम क्रमांकानुसार ठरलेली असते. मोठा तारा निघाला तरी ही चार वर्षं तो स्वस्तात खेळतो. संघाच्या एकूण पगाराला मर्यादा आहे. २०२५-२६ साठी ती सुमारे १५.४६ कोटी डॉलर होती. ती ओलांडता येते, पण वर दंडाचे टप्पे आहेत. त्यातला सर्वांत वरचा, सेकंड एप्रन, त्या हंगामात सुमारे २०.७८ कोटींवर होता. तो ओलांडला की ट्रेडमध्ये दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणण्यासारख्या साध्या गोष्टीही बंद होतात. पुनर्बांधणीचं घड्याळ या स्वस्त चार वर्षांवर चालतं. मुख्य पोरं वयाने दोन-तीन वर्षांच्या अंतरात असतील तर ती एकत्र पिकतात. एक ३१ चा, एक १९ चा, बाकी भाड्याचे, असं चित्र दिसलं तर व्यवस्थापनाने अजून काही ठरवलेलं नाही असं समजा.

नमुना म्हणून ओक्लाहोमा सिटी थंडर बघावा. जुलै २०१९ मध्ये त्यांचा तारा पॉल जॉर्जने ट्रेड मागितला. सरव्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांनी त्याला लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे पाठवून शे गिलजस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि अदलाबदलीचे दोन हक्क घेतले. त्याच महिन्यात दुसरा तारा रसेल वेस्टब्रूक ह्यूस्टनला गेला. मग २०२०-२१ मध्ये ७२ पैकी २२ विजय आणि २०२१-२२ मध्ये ८२ पैकी २४. डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसने त्यांना १५२-७९ असं हरवलं. ७३ गुणांचा फरक एनबीएच्या इतिहासात तोवर कधी पडला नव्हता. क्लिपर्सकडून आलेल्या एका पिकवर २०२२ मध्ये बाराव्या क्रमांकाला जेलन विल्यम्स निवडला. त्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर घेतलेला चेट होमग्रेन पायाच्या दुखापतीने पहिला अख्खा हंगाम बाहेर होता. पुढे ४०, मग ५७, मग ६८ विजय, आणि २०२५ मध्ये इंडियानाला सात सामन्यांत हरवून विजेतेपद.

हे वाचून सगळे ‘धीर’ म्हणतात. मला त्यात धीरापेक्षा व्यापार जास्त दिसतो. पगाराची जागा मोकळी असताना प्रेस्टी दुसऱ्यांचे नको झालेले करार स्वतःकडे घेत आणि त्याची किंमत पिकमध्ये वसूल करत. फिलाडेल्फियाचा तो संरक्षित पिक असाच, अल हॉरफर्डचा जड करार घेण्याच्या बदल्यात आला होता. मार्च २०२१ मध्ये त्याच धडधाकट हॉरफर्डला उरलेल्या हंगामापुरतं सरळ बाजूला बसवलं, कारण तो खेळला असता तर संघ जिंकू लागला असता. मैदानावर हरतानाही प्रत्येक महिन्यात कागदावर काहीतरी येत होतं.

पायरी पाचवी: हरलेला सामना कसा बघायचा

रोज अडीच तास घालवू नका. आठवड्यातून एक सामना पूर्ण, बाकीचे दहा मिनिटांच्या सारांशात. पूर्ण बघाल त्यात स्कोअर झाकून ठेवलात तरी चालेल.

चौथ्या क्वार्टरमध्ये मैदानावर कोण आहे ते बघा. सामना अटीतटीचा असताना विशीतली पोरं चेंडू हाताळत असतील तर संघ शिकतोय. तेव्हाच त्यांना बसवून तेहतिशीतले उतरवले, तर कोच स्वतःची नोकरी वाचवतोय.

एकाच पोराची एकच चूक धरून ठेवा. उदाहरणार्थ, नवखा गार्ड स्क्रीनच्या, म्हणजे वाटेत आडव्या उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या, मागे अडकतो आणि समोरच्याला मोकळा नेम मिळतो. नोव्हेंबरात अडकत होता, फेब्रुवारीतही तसाच अडकतोय का? गुण किती केले यापेक्षा हे जास्त सांगतं, कारण वाईट संघात कोणीतरी वीस गुण करणारच. फ्री थ्रो (फाउलवर मिळणारे मोकळे नेम) किती मिळवतो, चेंडू किती वेळा गमावतो आणि बचावात आपल्या माणसाकडे वेळेत परततो का, यावर नजर ठेवा.

संघासाठी विजयांपेक्षा गुणांच्या फरकाची सरासरी बघा. ओक्लाहोमा २०२२-२३ मध्ये ४०-४२ वर होता, म्हणजे हरणाऱ्यांतलाच. पण मिळवलेले गुण दिलेल्या गुणांपेक्षा थोडे जास्त होते. थोडक्यात हुकलेले सामने बरेच होते. पुढच्या वर्षीची ५७ विजयांची उडी ज्यांनी हा रकाना वाचला त्यांना अनपेक्षित नव्हती.

पायरी सहावी: मालक आणि कोच यांच्यावर लक्ष ठेवा

इथे एक आपल्याकडचं नाव येतं. सॅक्रामेंटो किंग्जचे प्रमुख मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. २०१३ मध्ये त्यांनी संघ घेतला, आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज आणि इंडियानाचे पेसर्स यांचे दोन सराव सामने झाले. एनबीएचे भारतातले ते पहिले सामने. मराठी माणूस म्हणून अभिमान वाटतो, पण धीराचा धडा घ्यायचा तर त्यांच्या संघाकडून उलटाच घ्यावा लागतो.

२०१३ मध्ये किंग्जने मायकल मलोन यांना मुख्य कोच केलं. डिसेंबर २०१४ मध्ये संघ ११-१३ वर होता. मुख्य खेळाडू डिमार्कस कझिन्स मेंदुज्वराने आजारी होता, तरी मलोन यांना काढलं. २०१५ मध्ये डेन्व्हरने त्यांना घेतलं. डेन्व्हरचे पहिले तीन हंगाम ३३, ४० आणि ४६ विजयांचे, तिन्ही वेळा प्लेऑफ हुकलं, तिसऱ्यांदा तर शेवटच्या सामन्यात जादा वेळेत. डेन्व्हरने कोच बदलला नाही. ४१ व्या क्रमांकावरचा योकिच आणि सातव्यावरचा जमाल मरे त्यांच्या हाताखाली वाढले आणि २०२३ मध्ये विजेतेपद आलं.

त्या काळात किंग्ज काय करत होते? कोच बदलत होते. २०१८ मध्ये दुसरा क्रमांक हाती असताना त्यांनी डॉनचिचला सोडून मार्विन बॅग्लीला घेतलं. २००६ नंतर त्यांना प्लेऑफ दिसलं ते २०२३ मध्ये. मधले सोळा हंगाम कोरडे, हा लीगमधला विक्रम. तिथवर नेणाऱ्या माइक ब्राउन यांना त्या वर्षीचा सर्वोत्तम कोच निवडलं गेलं, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेही घरी गेले.

म्हणून आपल्या संघाचा आणखी एक कागद करा: गेल्या सहा वर्षांत कोच किती, सरव्यवस्थापक किती. दर दोन वर्षांनी नवा माणूस येत असेल तर दर दोन वर्षांनी पुनर्बांधणी पहिल्यापासून सुरू होते. नवा माणूस आधीच्याच्या पोरांना विकतो आणि आपली आणतो.

पण उलटही होतं, आणि ते फिलाडेल्फियाने दाखवलं. सॅम हिंकी २०१३ मध्ये सरव्यवस्थापक म्हणून आले आणि तीन हंगामांत १९, १८ आणि १० विजय मिळाले. पिकांचा नुसता ढीग. चाहत्यांनी त्याला ‘प्रोसेस’ हे नाव देऊन घोषणा केली. हिंकी यांनी एप्रिल २०१६ मध्ये तेरा पानांचं पत्र लिहून राजीनामा दिला. त्यांनी निवडलेला जोएल एम्बीड दोन वर्षं पायाच्या दुखापतीत होता, पण नंतर २०२३ चा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मग अडलं कुठे? माझ्या मते हरण्यात नाही, नंतरच्या घाईत. २०१७ मध्ये टेटम तिसऱ्या क्रमांकावर त्यांच्या समोर उभा होता. त्यांनी एक पिक जादा मोजून पहिला क्रमांक विकत घेतला आणि मार्केल फुल्ट्झला निवडलं. २०२५ पर्यंत एम्बीडच्या फिलाडेल्फियाला प्लेऑफची दुसरी फेरी ओलांडता आली नव्हती.

पायरी सातवी: वाट बघणं कधी थांबायला हवं

पोरं शिकून झाली की त्यांच्यात दोन-तीन मोठी माणसं घालावी लागतात, आणि ते वेळेवर करणं हरण्यापेक्षा अवघड आहे.

डेट्रॉइट २०२३-२४ मध्ये लागोपाठ २८ सामने हरला, एका हंगामातला तो विक्रम. १४-६८. वर लॉटरीत पाचवा क्रमांक. त्यानंतर त्यांनी आपल्या मुख्य पोराला, केड कनिंगहॅमला, हात लावला नाही. नवे कोच जे. बी. बिकरस्टाफ आणले आणि टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर असे नेम धरणारे जुने खेळाडू जवळ केले. पुढच्या वर्षी ४४-३८ आणि प्लेऑफ. ह्यूस्टनने तीन हंगाम १७, २० आणि २२ विजयांचे काढले. २०२३ मध्ये कोच इमे उडोका आले, फ्रेड व्हॅनव्लीट आणि डिलन ब्रुक्स यांच्यावर पैसे खर्च केले. आधी ४१, मग ५२ विजय. दोन्हीकडे तेव्हा मुख्य पोरं विकली नाहीत, त्यांच्या बाजूला माणसं उभी केली. ओक्लाहोमानेही २०२४ च्या उन्हाळ्यात जॉश गिडीला देऊन ॲलेक्स कारुसोला आणलं आणि आयझाया हार्टेनस्टाइनला करारबद्ध केलं. वर्षभरात चषक घरी आला.

ओळखायची खूण पगाराच्या कागदावर आहे. मुख्य पोरांची स्वस्त वर्षं संपायला एक-दोन हंगाम उरले असतील आणि गुणांचा फरक शून्याच्या आसपास पोहोचला असेल, तर त्या जुलैत संघाने काहीतरी करायला हवं. तेव्हाही ‘अजून पिक येताहेत’ असं ऐकू आलं तर सावध व्हा. थंडरने जुलै २०२५ मध्ये गिलजस-अलेक्झांडर, विल्यम्स आणि होमग्रेन या तिघांनाही मोठे करार वाढवून दिले. मोठे पगार सुरू झाले की त्यांनाही कोणाला ठेवायचं नि कोणाला सोडायचं हे ठरवावंच लागणार.

शेवटी, कोणता संघ धरावा?

नव्यानेच निवडत असाल तर तिन्ही कागद आधी करा आणि मग मन लावा. स्वतःचे पिक स्वतःकडे, तेवीसच्या आतले निदान दोन खेळाडू शेवटच्या क्वार्टरमध्ये मैदानावर, आणि तीन वर्षं टिकलेला कोच किंवा सरव्यवस्थापक, एवढं असेल तर खुशाल धरा. आधीच धरलेला संघ सोडायचा असेल तर फेब्रुवारीत, लागोपाठ पंधरावा पराभव झाल्यावर रागाने सोडू नका. ट्रेडची मुदत, लॉटरी आणि ड्राफ्ट होऊ द्या. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात समर लीगमध्ये नवा पोरगा दोन-तीन सामने खेळला की कागद पुन्हा काढा आणि तेव्हा ठरवा. समर लीगचे सामने आपल्याकडे मध्यरात्रीनंतर ते सकाळपर्यंत लागतात, आणि बाहेर पाऊस असल्यामुळे कामाला बाहेर पडायची तशीही घाई नसते.